रानतुळशीतला नवरदेव

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला कुणी पगार देऊन किडे शोधायला पाठवतं, हे कोकणातल्या माझ्या घरी अजून पटलेलं नाही. मलाही रोज धाकधूक, की बाईंना आपली चूक कळेल. बाई वर्ध्याच्या कॉलेजात किडे ओळखतात, मी त्यांचा मदतनीस.

वडनेरकडे एका शेताच्या धुऱ्यावर, आमच्याकडे बांध म्हणतात, रानतुळशीचं एक झुडूप होतं. त्यावर तांदळाच्या दाण्याहून लहान, तांबूस ढेकूण मिळाले होते. पानांचा रस पिणारे. जात फार कुणी न पाहिलेली असावी, असा बाईंचा अंदाज. पण मिळाल्या सगळ्या माद्या, आणि जात पक्की होते नराच्या शेपटाकडच्या आकड्यावरून. त्यात शेतवाले काका दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर तणनाशक मारणार होते.

उलटी छत्री झुडपाखाली धरून मी काठीने फांद्या झोडपत होतो. काका बघत उभे होते. त्यांचा डबा घेऊन काकू आल्या.

"काऊन मारून राह्यले भाऊ त्या झाडाले?"

मी घाबरत सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग असं म्हना ना, पोरी हायेत, नवरदेव पाह्याले आले."

झालं. काकांनी काठी घेतली, काकूंनी पदर पसरला. पदरात एक सडपातळ ढेकूण पडला. भिंगातून पाहिलं, तर पोटाखाली अंडी घालायची चीर नाही. नर! किडे ओढायची नळी तोंडात धरून मी त्याला बाटलीत ओढून घेतलं. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "शिकला किती हाय नवरदेव?"

मला असं हसू फुटलं की ओढायच्या नळीत फुंकलंच गेलं. नवरदेव बाहेर, उडून गायब.

हसू काही थांबेना. आम्ही तिघं गुडघ्यांवर रांगत शोधत होतो. शेवटी तो काकांच्याच खांद्यावरच्या दुपट्ट्यावर सापडला. या खेपेला काकूंनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजात बाई सूक्ष्मदर्शकात खूप वेळ बघत राहिल्या. मी घामाघूम. मग त्यांनी उठून मला स्टुलावर बसवलं. पुस्तकातल्या चित्रात होता तसाच बारीक आकडा, समोर. "तोच आहे," त्या म्हणाल्या. मला नीट दिसेना, डोळे भरले होते.

मी लगेच काकांना फोन लावला. फवारणी झाली का, हे विचारायची हिंमत होत नव्हती.

"फवारला ना धुरा," काका म्हणाले. "तेवढं झुडूप सोडलं. सोयरे हायेत आता आमचे."