आंघोळीआधीची गोळी

मार्थामावशी काल दुपारी गेली, आणि मला हायसं वाटलं.

असं लिहू नये, कळतं. पण ती सत्त्याण्णव वर्षांची होती. अकोल्यात, जठारपेठेतल्या स्वतःच्या पलंगावर चहा पिऊन झोपली, ती उठलीच नाही. नळ्या नाहीत, आयसीयू नाही. जन्मभर दुसऱ्यांचे बेडपॅन उचललेल्या बाईला हेच हवं होतं.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आईची नर्स.

माझ्या लहानपणी ती महिन्यातून एकदा आमच्याकडे वलगावला मुक्कामाला यायची. सकाळी आई चूळ भरून थायरॉईडची गोळी घ्यायची, की मावशी तिच्यापुढे उभी.

"जीभ वर कर, सुमन."
"अवं, गिळली ना!"
"वर कर."

आई निमूट जीभ वर करायची. मग मनगट पुढे. मावशी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही, बाबासुद्धा.

"ब्याऐंशी. जा, कर आंघोळ."

मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

मॅट्रिकच्या वर्षी ती मला अमरावतीला कॉन्व्हेंटच्या गेटपर्यंत सोडायला आली होती. मी विचारलं, "मावशी, आई काय लहान आहे? जीभ कशाला बघतेस?"

तिने मला बाकावर बसवलं. त्या दिवशी माझा पहिला तास बुडाला.

गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची. मावशी मिशनच्या दवाखान्यात शिकाऊ नर्स. आई सतरा वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून बसायची. आमची फुलशेती. फुलं तोडायला गेली की वाफ्यातच डोळा लागायचा.

आजीने, म्हणजे तिच्या सासूने, सांगून टाकलं होतं. "आळशी हाय. दवाखान्यानं सुधरली तर ठीक, नाही तं तेल्हाऱ्याले परत."

तेल्हारा आईचं माहेर. बाबांसाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी रोग बरोबर ओळखला. तेव्हा ही गोळी मेंढीच्या ग्रंथीपासून बनायची. रोज सकाळी उपाशीपोटी द्यायची, डोस हळूहळू वाढवायचा. देण्याआधी नाडी बघायची. शंभराच्या वर असली तर गोळी थांबवून डॉक्टरांना सांगायचं.

तीन आठवड्यांत सूज उतरली. आई हसायला लागली.

आणि एका सकाळी नाडी एकशे चाळीस. हात थरथरतायत, लुगडं घामाने ओलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या हृदयाला झेपत नाही. औषध बंद."

बाहेर आजीने आईचं गाठोडं बांधायला घेतलं.

मावशी आईच्या खाटेवर बसली. "सुमन, खरं सांग. काय खाल्लं?"
"गोळ्याच खाल्ल्या."
"गोळ्या? किती?"
"चार. उपासाच्या राहिल्या होत्या नं."

श्रावण नुकताच लागला होता. सोमवार, शनिवार, एकादशी. आमच्याकडे मटण चालायचं, पण उपासाला मेंढीची गोळी कशी चालेल? ती कशाची असते हे वॉर्ड झाडणाऱ्या बाईने आईला सांगून ठेवलं होतं. मग तीन उपासांच्या तीन गोळ्या तिने पदराच्या गाठीत बांधल्या. द्वादशीला उपास सोडताना, त्या दिवशीची धरून, चारही एकदम गिळल्या. औषध वाया जाऊ नये म्हणून.

"तीनही दिवस चार्टवर माही सही होती, बेबी," मावशी मला म्हणाली. "गोळी देली होती. गिळताना पायलं नव्हतं."

हे सांगितलं तर तिचं शिक्षण संपू शकत होतं. ती तशीच मेट्रनपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, चूक औषधाची नाही, माझी आहे.

महिनाभर तिची टोपी काढून घेतली. वॉर्डची फरशी पुसायला लावली.

आईची गोळी मात्र वाचली. नाडी उतरल्यावर छोट्या डोसने पुन्हा सुरू झाली.

उपासाचा प्रश्न राहिलाच होता.

"सुमन, उपास कवा लागते?"
"आंघोळ झाल्यावर."
"मंग गोळी आंघोळीच्या आधी घेत जा."
"तू किरिस्ताव. तुले काय ठावं?"
"तुह्या सासूले विचारून आली."

खरंच विचारून आली होती. वलगावात उपासतापासाचा शेवटचा शब्द आजीचा असायचा, आणि तो विचारायला एक नर्स आली याचं आजीला एवढं अप्रूप वाटलं, की तिने स्वतः वॉर्डात येऊन आईला बजावलं, "हो, चालते. घे."

मग बाहेर जाऊन गाठोडं सोडलं.

आई त्र्याऐंशी वर्षांची होऊन गेली. वलगावच्याच घरातून. मला शाळेत घालताना, माझ्या लग्नात, माझ्या दोन्ही बाळंतपणांत ती होती.

मावशी, निवांत जा गं. तुझी ड्युटी झाली.

गेल्या महिन्यात तिने मला वही घेऊन बसवलं आणि लिहायला लावलं. जसंच्या तसं देते आहे. ज्यांचं नाव आहे त्यांनी रविवारनंतर घरी यावं.

"शिलाई मशीन शेजारच्या वंदनाले. तिची पोरगी शिकून राहिली.

पांढऱ्या साड्या वॉर्डातल्या आयाबायांले. पोतेरे करू नका म्हणा.

गादी, पलंग वृद्धाश्रमात. आधी गादीले उन्ह दाखवजो.

बीपीच्या उरलेल्या गोळ्या कोणालेच नाही. दुसऱ्याच्या नावाच्या गोळ्या खाऊ नये.

बेबीले काही नाही. तिले तिची माय देली."