फांद्यांमधलं आकाश

टेकडीवरच्या शिरीषाची पानं सगळी झडली होती, नुसत्या वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या. निसर्गचित्रांच्या वर्गातला माझा हा दुसरा रविवार. तासभर खोडरबर झिजवूनही कागदावर झाडाऐवजी खराटाच उभा राहिला होता. आमच्या शिक्षिका माझ्या मुलीच्या वयाच्या. शेजारी बसत म्हणाल्या, "काका, फांद्या नका काढू. फांद्यांच्या मधे आकाश दिसतंय ना, त्याचे तुकडे काढा. झाड आपोआप येईल."

असं कुठे असतं का, असं मनात म्हणत मी एक तिरका त्रिकोण काढला. त्याला लागून दुसरा, मग माशासारखा लांबट तुकडा. अर्ध्या तासाने पाहतो तर हातही न लावलेलं झाड कागदावर उभं! रिकाम्या जागेलाही इतका नेमका आकार असतो, हे साठ वर्षांत कधी ध्यानात आलं नव्हतं.

घरी येऊन चहा टाकला आणि लक्षात आलं, मी ओट्याच्या डाव्या टोकाला, फ्रिजला खेटून, अंग चोरून उभा आहे. उजवीकडे मिक्सरपर्यंत एका माणसाची जागा मोकळी. "सरका हो जरा," म्हणत बायको तिथे भाजी चिरायला उभी राहायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, मी अजून सरकूनच उभा राहतो.

मागे होऊन वही उघडली. फ्रिजची कड काढली, ओटा काढला, मिक्सर काढला. मधे बरोबर तिच्याएवढी जागा उरली.

झाड आलं होतं. ती आली नाही.