आधी हीटसिंक, मग कुंकू

आमच्या दुकानात एक नियम होता आणि तो मी गिऱ्हाइकाला दारातच ऐकवायची. पूजा करायची तर कॅबिनेट बंद झाल्यावर. नारळ फोडा, हार घाला, पेढे वाटा, काय हौस असेल ती करा, पण उघड्या मशीनला हात लावायचा नाही. माझं तोंड पहिल्यापासून तिखट. राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर बसून कॉम्प्युटर जोडून विकणारी बाई म्हणजे तेव्हा लोकांना नवल होतं, आणि गोड बोलून त्या धंद्यात माझा निभाव लागला नसता.

दोन हजार साल उलटून थोडे दिवस झाले असतील. गारगोटीकडच्या एक मावशी लेकीला घेऊन आल्या. सोबत थोरला मुलगा, खाली त्याची जीप. मावशींची अट एकच, कॉम्प्युटर आयता नको, डोळ्यासमोर जोडून पाहिजे. त्यांच्या शेजाऱ्याच्या गळ्यात कुणीतरी जुने पार्ट घातलेलं मशीन मारलं होतं.

“गंगावेशीत दूध घेताना तुम्ही शहरातली मानसं म्हस डोळ्यासमोर पिळायला लावता न्हवं? मग ह्येबी तसंच,” मावशी म्हणाल्या.

मी खुर्च्या मांडल्या.

मुलगा सारखा घड्याळात बघत होता. शेवटी तंबाखू मळायला तो जिन्यात गेला, आणि मावशी आवाज खाली घेऊन बोलल्या. लेक दिवाळीपासून माहेरी होती. त्यांनी तिच्या भांगाजवळचे केस बाजूला करून मला टाक्यांची खूण दाखवली. लेक मान खाली घालून बसली होती, तिनं दाखवू दिलं. परवा सासरची माणसं तिला परत न्यायला बैठकीला येणार होती. भावाचं मत होतं की पाठवून मोकळं व्हावं. मावशींनी स्वतःची म्हैस विकली, तहसील कचेरीसमोर एक गाळा घेतला आणि लेकीला टायपिंगचं काम काढून द्यायचं ठरवलं. कशीबशी भावाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. परवा गाळ्यात मशीन चालू दिसलं तर ती राहील. नाही दिसलं तर गप गाडीत बसेल.

“म्हून आजच न्यायचं हाय बाई,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या मशीनला लागणारा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, माझ्याकडे तेव्हा एकच होता. दुसरा मुंबईहून यायचा म्हणजे आठवडा.

तेव्हाचे ते प्रोसेसर ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगते. चौकोनी पट्टीच्या मधोमध नखाएवढा एक उघडा तुकडा असायचा, आरशासारखा गुळगुळीत. सगळं काम तोच करणार, आणि काम करताना असा तापणार की वर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा नसला तर दहा म्हणायच्या आत जळून खाक. त्या ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात, त्याच्या डोक्यावर पंखा असतो. तो बसवायला एक लोखंडी क्लिप. एका बाजूला अडकवायची आणि दुसरी बाजू स्क्रूड्रायव्हरनं जीव खाऊन खाली दाबायची. ठोकळा जरासा कलला की त्या तुकड्याचा कोपरा उडतो. स्क्रूड्रायव्हर घसरला तर खालचा बोर्ड फाटतो. जोर तर सगळा लावायचा, आणि तो कुठंही सांडू द्यायचा नाही. शेकडो बसवले असतील मी, पण त्या क्षणी मी दुकानात कुणाला बोलू द्यायची नाही.

तर प्रोसेसर जागेवर बसवला, त्याला आवळून धरणारी दांडी खाली केली, वर उष्णता ठोकळ्यात पोचवणारी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी ठेवली. हीटसिंकच्या पोटाला प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो राहिला तरी मशीन जळतं. तो सोलायला मी खिडकीकडे वळले. तेवढ्यात मावशींनी पिशवीतून पितळी करंडा काढून लेकीच्या हातात दिला. मशीन तिचं, म्हणून कुंकू तिच्याच हातचं.

तिनं बोट बुडवून कुंकू टेकवलं ते बरोबर त्या आरशावर. आणि त्याच वेळी दारातून भाऊ ओरडला, “ए, काय करतीस गं!”

ती दचकली. करंडा हातातून सुटला आणि प्रोसेसरवर जाऊन उपडा झाला.

अगं आई गं! मी वळून पाहिलं तर माझ्या हिरव्या बोर्डावर सगळा लाल सडा. मग माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशी आपल्या बचावाला उभ्या, “अवो, कुंकू देवाच्या कपाळाला लावायचं का देव्हाऱ्याच्या दाराला?” मी आणखी भडकले. पण तेवढ्यात भाऊ हसत पुढं आला.

“बघा मॅडम. हात लावंल तिथं माती. सासरची मानसं उगंच पांढऱ्या पायाची म्हनत्यात व्हय?”

मी मुलीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. कुंकवाचं बोट साडीला लागू नये म्हणून तिनं ते तसंच हवेत धरून ठेवलं होतं, आणि हे वाक्य तिनं नव्यानं ऐकलेलं नाही हे चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. तिच्यावरचा माझा राग तिथल्या तिथं उतरला आणि भावावर चढला.

“पावणं,” मी म्हटलं, “तुम्ही बोंबलला नसता तर करंडा पडला नसता. जिन्यात थांबा.”

“मी का म्हून थांबू?”

“थांबा म्हटलं न्हवं!”

तो गेला, पण खालपर्यंत नाही. पायऱ्यांवर त्याच्या चपला वाजत राहिल्या.

मऊ ब्रशनं मी बोर्डावरचं कुंकू झाडलं. पेस्ट गुलाबी झाली होती, ती स्पिरिटच्या कापसानं पुसून काढली. परत पुसली. मग भिंग घेऊन वाकले. एका कोपऱ्यातून साखरेच्या कणाएवढा टवका गेला होता.

टवका गेलेले काही प्रोसेसर चालतात, काही मरतात. चालू केल्याशिवाय कळत नाही. आणि चालू करायचं तर आधी हीटसिंक बसवायला हवा, म्हणजे त्या दुखऱ्या कोपऱ्यावर तो सगळा जोर पुन्हा द्यायचा. आता चालणारा असला तरी तेव्हा फुटू शकतो.

“गेलं का वो?” मुलगी म्हणाली. दुकानात आल्यापासून तिचा हा पहिला शब्द.

“माहीत नाही,” मी म्हटलं. खोटा धीर द्यायला मला जमत नाही. पण दुसरं एक जमत होतं. जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, “आणि गेलं असलं तर बसवताना माझ्या हातनं गेलं. गावात तसंच सांगायचं. हिचं नाव कुणी घ्यायचं नाही.”

चपला वाजायच्या थांबल्या.

नवी पेस्ट मी रागात नको तेवढी दाबून काढली, ती पुसून परत ठेवली. मावशींनी ते बघितलं. “बाई, चिडल्या हाताला म्हस पान्हा सोडत न्हाय. घोटभर पानी प्या.” वास्तविक मला त्याचाही राग आला, पण पाणी प्यायले. थंडगार पाणी, बरं वाटलं.

“इकडं ये,” मी मुलीला म्हटलं. “हा ठोकळा वरनं दोन्ही हातांनी धर.”

“नगं. माझा हात नगं.”

“मला तिसरा हात न्हाई. धर. वाकडं होऊ द्यायचं न्हाई, एवढंच काम.”

तिनं आईकडं पाहिलं, मग धरला. मी क्लिप एका बाजूला अडकवली, दुसरीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर रोवला आणि अंगाचं वजन टाकलं. लोखंड करकरलं. अर्ध्यात स्क्रूड्रायव्हर सटकला. खाली डावा अंगठा आडवा ठेवलेला होता म्हणून बोर्ड वाचला, अंगठ्यातून रक्त आलं. मुलीचे हात जागचे हलले नाहीत. दात-ओठ खाऊन मी पुन्हा दाबलं. खट्ट झालं. तो आवाज क्लिपचा की कोपऱ्याचा, ते मला कळलं नाही.

पंख्याची वायर जोडली. ती नीट बसली का ते तीनदा बघितलं. बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा. तसाच काळा. मावशी देवाचं नाव घेत होत्या, मी त्यांना गप्प करणार होते, तेवढ्यात एकच बारीक बीप झाला आणि पडद्यावर अक्षरं आली. कुणी हुश्श करायच्या आत मी तापमानाचं पान उघडलं, कारण खरी परीक्षा तिथं होती. हीटसिंक कललेला असता तर आकडा सरळ चढत गेला असता.

तो चढायला लागला. चाळीस अंश ओलांडले. पंचेचाळीस. मी बटणावर बोट ठेवून उभी. पन्नास झाले. मुलगी आकड्याकडं बघत नव्हती, माझ्या बोटाकडं बघत होती. भाऊही आत येऊन मागं उभा राहिला होता, त्याला हाकलायचं मला भान नव्हतं. त्रेपन्न. चोपन्न. मग एकानं उतरला, परत चढला, परत उतरला. तिथंच घुटमळत राहिला. मी चहा मागवला, चहा निवला, तरी आकडा तिथंच.

“थांबला,” मी म्हटलं, आणि खाली बसले.

“चालतंय व्हय?” भाऊ म्हणाला. त्याला ते नको होतं हे न कळायला मी काही खुळी नव्हते. पण मॉनिटर उचलून जीपपर्यंत त्यानंच नेला, तेवढं त्याचं कबूल करायला हवं. त्याआधी कॅबिनेट बंद करून मी मुलीला म्हटलं, “आता लाव.” तिनं करंड्यात उरलेलं कुंकू झाकणावर बरोबर मधोमध लावलं. टवक्याचं मी तिला खरं तेच सांगितलं. वर्षानुवर्षं चालेल, नाहीतर उद्या बंद पडेल.

बैठकीच्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं. दोन गिऱ्हाइकांवर उगाच ओरडले. संध्याकाळी फोन वाजला.

“मॅडम, मी गारगोटीतनं.”

“बंद पडलं?”

“न्हाई न्हाई. चालू हाय.”

“मग पावणं आले नाहीत?”

“आलतं की. गाळ्यावरच आलतं. सगळी.”

“आणि?”

“दादानं चा दिला. पिऊन गेलं.”

“आणि तू गं?”

“मी एका म्हाताऱ्याचा अर्ज टाईप करत हुते,” ती म्हणाली. “उठले न्हाई.”