वावरातली मयत

दगड मोजायला गेलं की मापं कमी आणि किस्सेच जास्त घरी येतात. आम्ही तिघे. सौंसरचे बागडे सर, भूगोल शिकवून रिटायर झालेले. पांढुर्ण्याची वैशाली, शाळेत शिक्षिका. आणि मी, गाडी चालवणारा आणि टेपचं दुसरं टोक धरणारा. रविवारी आम्ही गावोगाव वावरांची नावं लिहून घेतो आणि जुनी दगडी वर्तुळं शोधतो. वर्तुळ म्हणजे मोठ्या दगडांचं रिंगण. हजारो वर्षांपूर्वीची माणसं त्याखाली पुरलेली असतात.

पण टेप पाहिला की लोकांना एकच शंका येते.

*

जामसांवलीकडे एका आजीला वैशालीनं वावराचं नाव विचारलं.

"काहाले पाहिजे? रोड काढून राहिले का इथून?"

"नाही आजी, नुसतं नाव लिहून ठेवतो."

"मागं बी एक जण नुसतं नावच लिवून गेलता. आता तिथून ट्रक जाते."

तरी चहा पाजला. नाव मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

*

लोधीखेड्याजवळ दोन भावांची वावरं लागून आहेत. थोरला म्हणाला, "लिवा, बुढीचं वावर." धाकटा मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडला, "ते नाव माह्याकडं आहे. वाटणीत विहीर त्याले गेली, नाव मले आलं."

सरांनी विचारलं, "मग यांच्या वावराला काय म्हणायचं?"

थोरल्याची बायको डोक्यावरचा भारा खाली न ठेवता म्हणाली, "अर्धी बुढी लिवा न्, सर."

सरांनी तेच लिहिलं.

*

बागडे सर डबा नेहमी वर्तुळाच्या मधोमध बसून खातात. एकदा बकऱ्या घेऊन जाणारा एक म्हातारा थबकला.

"मसनात जेवून राहिले का जी?"

"हो. इथं कोणी मधात बोलत नाही. घरी टीव्ही असते."

म्हातारा थोडा विचार करून सरांशेजारी बसला आणि त्यानंही आपल्या भाकरीचं फडकं सोडलं.

*

आता सुखदेवरावांचं सांगतो. आम्हाला सापडलेलं सगळ्यात देखणं वर्तुळ त्यांच्या वावरात आहे, एकही दगड हललेला नाही. नेमकं तिथंच त्यांना संत्रा लावायचा होता. कलमं आली होती, जेसीबी सांगून झाला होता. सरांनी समजावलं, विनवलं, चिडलेसुद्धा. शेवटी म्हणाले, "अहो, हे नुसते दगड नाहीत. खाली माणसं आहेत. मयत आहे ही."

सुखदेवरावांचा चेहरा पडला. "कोणाच्या घरची?"

"ते कसं कळणार?"

ते तसेच घराकडे निघून गेले. मग फोन उचलणंही बंद केलं. दोनेक आठवड्यांनी गावातून कळलं, वावरात जेसीबी पोचला. सरांनी ताटावरून उठून चप्पल घातली. मी गाडी काढली. मला फार वाईट वाटत होतं.

पोचलो तर जेसीबी धुऱ्यावर उभा. वर्तुळ झाडून स्वच्छ केलेलं, दगड जागच्या जागी. आंब्याखाली पंगत बसलेली, आणि पंगतीत जेसीबीवाला पुरी मागत होता. सुखदेवराव समोर आले. डोक्याचा पूर्ण गोटा!

"घरात काही..." सर चाचरले.

"तुमीच तर खबर देल्ली, सर. मयताची खबर आली म्हणल्यावर आंघोळ केली, सुतक धरलं. आज तेरवी. आमच्या वावरात आहे म्हणजे आमच्याच घरचे न्."

"पण सुखदेवराव, त्यांना जाऊन हजारो वर्षं झाली."

"असन. आमाले खबर आत्ता भेटली."

वैशालीनं जेसीबीकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"थो तिकडच्या अंगाले संत्र्याचे गड्डे खंदन. इकडं नाही आता."

आम्ही पंगतीत बसायला निघालो, तर त्यांनी सरांचा हात धरला.

"तुमी कुठी बसता? घरचे लोक आधी वाढतात, मागून जेवतात."

सरांनी बाह्या वर केल्या आणि बुंदीची बादली उचलली.