सलामाचं उत्तर

फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी भिजवलेले वाल सोलत बसले होते. फोन रोह्याहून, अष्टमीतल्या यमुनाबाईंचा. त्या माझ्या दादाच्या शेजारीण. एरवी त्यांचा आवाज असा की फोन बाजूला ठेवला तरी पेणपर्यंत ऐकू यावा. पण त्या दिवशी बराच वेळ नुसता श्वास येत राहिला. मग म्हणाल्या, "मार्थाताय, आज भाऊंचा सलाम आला नाय गो. म्हनून बगायला गेले... खुर्चीतच हायेत. उठत नायत." डॉक्टरांना बोलावलंत का, असं मी विचारलं. जन्मभर नर्सची नोकरी केली, तोंडातून दुसरं काय येणार? "येऊन गेले," त्या म्हणाल्या. मी होते तशी निघाले आणि एसटी पकडली. वडखळला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. खिडकीखाली एक बाई काकड्या विकत होती, पुढच्या सीटवरची माणसं मीठ लावून मजेत खात होती, आणि मला त्या सगळ्यांचा असा काही संताप आला की सांगता सोय नाही. माझा भाऊ गेलाय, आणि तुम्ही काकड्या कसल्या खाताय!

यमुनाबाई ज्या सलामाबद्दल बोलत होत्या तो आधी सांगायला हवा, नाहीतर दादा काही कळायचा नाही. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटलो की ‘सलाम’ म्हणतो. घराघरांतली ही जुनी रीत आहे. सकाळी उठल्यावर आईला सलाम, वडिलांना सलाम, चर्चमधून बाहेर पडताना लहानथोर सगळ्यांना सलाम. कंपनीत दादाचे दोस्त त्याला चिडवायचे, "प्रभाकर, तू नक्की ख्रिश्चन का मुसलमान रे?" दादा हसून त्यांनाही सलाम ठोकायचा. आमच्या आईचा एक दंडक होता. कुणी सलाम केला की आधी उत्तर द्यायचं, मग बाकीचं. दादाशी भांडून मी एकदा सकाळी त्याला उत्तर दिलं नाही, तर आईने माझ्या पानात भाकरीच वाढली नाही. "तो उभा आहे ना तुझ्यासमोर? सलाम असा अधांतरी ठेवायचा नसतो," म्हणाली. शेवटी मी फुरंगटून सलाम म्हटलं, तेव्हा कुठे भाकरी मिळाली.

दादा रोह्याच्या आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचा. मंडळी लहान, बोटांवर मोजण्याइतकी घरं. पण दादाच्या पेटीवर गीत सुरू झालं की रस्त्यावरून जाणारी माणसंही क्षणभर रेंगाळायची. शिफ्ट कुठलीही असो, रविवारी तो पेटीवर हजर. आणि एका रविवारी उपासना संपल्यावर तो पाळकसाहेबांकडे गेला आणि शांतपणे म्हणाला, "पुढच्या वेळेपासून दुसरं कुणी बघा. जे वाजवतो त्यावर माझा विश्वास राहिला नाही. तरी वाजवत बसलो तर ते खोटं होईल." बास. ना भांडण, ना आदळआपट. मी पेणहून धावत गेले. म्हटलं, "अरे, पण झालं तरी काय?" तो म्हणाला, "काहीच झालं नाही, मार्थू. डब्यातले तांदूळ संपतात ना, तसा संपला. मी तळापर्यंत हात घालून पाहिलं गो..." हे सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. विश्वास गेल्याचं सर्वांत जास्त दुःख त्यालाच झालं होतं, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

लोकांना कारण हवं होतं. कारण सापडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. आधी सगळे मायेने आले, केळी घेऊन आले, ओटीवर गुडघे टेकून प्रार्थना करून गेले. दादा प्रत्येकाला चहा द्यायचा आणि प्रार्थना होईपर्यंत मान खाली घालून बसायचा. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. पितो का? बाहेर काही भानगड आहे का? देवदेवस्की करायला लागला का? अहो, कसली देवदेवस्की! त्याला एक देव मानता येईना, तो दहा कुठून मानणार! आणि मग एका संध्याकाळी आम्ही कुंडलिकेच्या पुलावरून अष्टमीकडे चाललो होतो, तेव्हा समोरून अण्णा आले. अण्णा म्हणजे मंडळीच्या पंचांतले एक, आणि त्याआधी दादाचे लहानपणापासूनचे जिवलग. दोघांनी एका ताटात जेवून दिवस काढलेले. दादा म्हणाला, "सलाम, अण्णा." अण्णा थांबले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, प्रभाकरराव."

ज्याला जन्मभर प्रभ्या म्हटलं, तो प्रभाकरराव! दादा पूल उतरला. मग म्हणाला, "नमस्कार हा वाईट शब्द नाही गो. यमुनाबाई सगळ्यांना करतात. किती गोड करतात." मी म्हटलं, "वाईट नाही, पण तुझा नाही. तुला घराबाहेर काढलंय त्या शब्दाने." त्यानंतर एकेक करून सगळ्यांनीच ते उचललं. कुणी शिवी दिली नाही, कुणी दार लावलं नाही. नुसतं हात जोडून, गोड हसून, नमस्कार. मी स्वतः विश्वास धरणारी बाई आहे, आजही आहे, पण मला त्या जोडलेल्या हातांची चीड यायची. दादा मात्र शेवटपर्यंत सलामच करत राहिला.

सुलूवहिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची, श्रद्धा तसूभरही हलली नाही, आणि त्या दोघांत त्यावरून कधी वाजलंही नाही. दर रविवारी तो तिला स्कूटरवरून चर्चला आणायचा, तिचं बायबल आणि चष्मा तिच्या हाती द्यायचा आणि बाहेर बदामाच्या झाडाखालच्या बाकावर उपासना संपेपर्यंत बसायचा. आत पेटी चुकली की बाहेर त्याची बोटं गुडघ्यावर ती जागा बरोबर करायची. एकदा पेटीचा भाता फाटला, तर मंडळींनी ती गुपचूप, मागच्या दाराने, दादाकडे आणून ठेवली. दुरुस्तीला चालतो, सलामाला चालत नाही! मी भडकले, तर वहिनी म्हणाली, "करू दे गो त्याला. बघ किती दिवसांनी हसतोय." त्याने भाता शिवला, आतल्या सुरांच्या पट्ट्या पुसल्या, पण एकही गीत वाजवून पाहिलं नाही. नुसते स्वर तपासले आणि पेटी परत पाठवली.

वहिनी गेली तेव्हा तिला आमच्या दफनभूमीत मूठमाती दिली. त्यानंतर दादाने आयुष्यात एकच गोष्ट मागितली. तिच्या शेजारची जागा. पंच म्हणाले, जो मंडळीत नाही त्याला ती कशी देणार, विचार करू. तो विचार वर्षानुवर्षं चालला. मी रोह्याला गेले की दादा विचारायचा, "माझ्या जागेचं काही कळलं का गो?" एकदा मी वैतागून म्हटलं, "मेल्यावर काही नसतं म्हणतोस ना? मग कुठे पुरलं याची तुला काय पडलीय?" तो मग म्हणाला, "मला नाही कळणार. पण सुलू म्हणून गेलीय की मी वाट बघते. मी तिथे गेलो नाही तर तिला वाटेल, हा आलाच नाही." मी विचारलं, "म्हणजे ती वाट बघतेय असं तू मानतोस?" "नाही," तो म्हणाला, "पण ती मानायची ना..." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तो गेला त्या दिवशी पंच पुन्हा बसले. नवे पाळक तरुण, त्यांना काही सुचेना. आणि ऐकलं ते असं, की काठी आपटून ‘जागा द्या’ म्हणाले ते अण्णाच. जागा मिळाली. पण विधी नाही, गीत नाही, पेटी नाही. ज्याने रोह्याच्या कितीतरी ख्रिस्ती माणसांना पेटीवरच्या गीतांनी कबरेपर्यंत पोचवलं, त्याला आम्ही मुक्याने पोचवलं. फावड्याचा तेवढा आवाज. सगळ्यांची मूठमाती झाल्यावर अण्णा पुढे आले. काठीवर भार देत वाकले, माती टाकली आणि म्हणाले, "सलाम, प्रभ्या."

सगळे थांबले. सलाम अधांतरी ठेवायचा नसतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. आणि उत्तर द्यायला आता रक्ताचं माणूस म्हणजे मीच उरले होते. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, गालांवरून पाणी ओघळत होतं. मला त्यांची दया आली, खरंच आली. जागा त्यांच्यामुळेच मिळाली, हेही मला माहीत होतं. पण माझं तोंड उघडेना. मनात आलं, इतकी वर्षं तो रोज सलाम म्हणत होता, अण्णा, पुलावर म्हणत होता, बाजारात म्हणत होता, चर्चच्या बाहेर त्या बाकावरून म्हणत होता. तेव्हा तो जिवंत होता हो! अण्णांचा तो सलाम तिथेच राहिला.

गेल्या आठवड्यात मी दादाची खोली आवरायला अष्टमीला गेले. सकाळी त्याच्या खुर्चीत बसून त्याचे सदरे घड्या करत होते. कुंपणापलीकडे यमुनाबाई पाणी भरत होत्या. त्यांना सलामाचा अर्थबिर्थ काही ठाऊक नाही. शेजारी रोज म्हणतो तेव्हा आपणही म्हणायचं, एवढंच. दादाला दुसरीकडून उत्तर मिळेना, तेव्हाही त्या कुंपणावरून त्याला रोज मिळत होतं. खुर्ची करकरली असावी, कारण हंड्यावरची नजर न काढताच त्या सवयीने मोठ्याने बोलून गेल्या, "सलाम हो भाऊ!" आणि मग आठवलं तशा तोंडावर पदर धरून उभ्याच राहिल्या.

मी सदरा बाजूला ठेवला. दारात गेले आणि म्हटलं, "सलाम, यमुनाबाई."