पुढचा ब्रेक

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही. आई जायच्या आधी तिच्या उशाशी बसून सांगावंसं वाटलं होतं – नाही सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

पूर्णेत माझं मोटारसायकलच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र, चुडाव्याकडच्या एका शाळेवर मास्तर. दोघांना एकच वेड – रेसिंगच्या ट्रॅकवर गाडी चालवायची. रस्त्यावर हुंदडायचं नाही. वळणात गुडघा टेकेपर्यंत गाडी झुकवायची. ऐपत एकाचीही नव्हती. म्हणून दोघांत मिळून एक जुनी गाडी घेतली. टायर दुसऱ्यांनी वापरून टाकलेले. चामड्याचा सूटही दोघांत एकच – मिलिंदला नेमका बसायचा, मला पोटावर आवळायचा. एकाची पाळी झाली की त्यानं तो घामेजलेला सूट उतरवायचा आणि दुसऱ्यानं तसाच चढवायचा. त्यावरून आम्ही लय हसायचो.

तमिळनाडूतल्या ट्रॅकवर आम्ही गाडी रेल्वेनं पार्सल करून नेली. तिथल्या स्टेशनावर ती उतरवून घेतली आणि मिलिंद टेम्पो बघायला गेला. जाताना म्हणाला, एकटा हलवू नको, मी आलोच. मी हलवली. गाडी उन्हात होती म्हणून? की त्यानं नको म्हटलं म्हणून? ती उजवीकडं कलली, मला आवरली नाही, पडली. पुढच्या ब्रेकचा काळा लिव्हर सिमेंटवर आपटून वाकला.

मी पाना लावून तो सरळ केला. तेव्हाच बुडाशी केसाएवढी चीर दिसली.

तुम्ही म्हणाल, घाईत कळलं नसेल. पण मी याच वस्तू विकतो. वाकलेला लिव्हर सरळ करून वापरू नका, कधी मोडेल सांगता येत नाही, असं मीच गिऱ्हाइकांना बजावतो. मला कळत होतं. मिलिंदच्या पिशवीत शाळेचे तक्ते करायचा काळा मार्कर होता. त्यानं मी ती चीर रंगवून टाकली. तो टेम्पो घेऊन आला तेव्हा गाडी सावलीत उभी होती आणि मी तिचं आरसा नसलेलं हँडल पुसत होतो.

इथंच थांबावंसं वाटतंय. पण खरं सांगायचं ते पुढंच आहे.

ट्रॅकवर तपासणाऱ्यानं लिव्हर एकदा दाबून पाहिला आणि जाऊ दिलं. पहिली पाळी माझी. त्या वीस मिनिटांत मी पुढचा ब्रेक जवळजवळ दाबलाच नाही. सरळ पट्टा संपायच्या कितीतरी आधी रेस सोडायचो, मागच्या ब्रेकवर भागवायचो. सगळे मला मागं टाकून गेले. म्हणजे बघा – स्वतःचा जीव मी बरोबर सांभाळला. तिथं वीस-पंचवीस गाड्या होत्या, कुणाकडं तरी जास्तीचा लिव्हर मिळाला असता. पण मागायचा तर मिलिंदसमोर कबूल करावं लागणार होतं, की तू नको म्हणालास आणि मी पाडली. एवढ्याशासाठी? हो, एवढ्याशासाठी. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. नाही सापडत.

सूट उतरवून त्याला दिला. त्याच्या छातीवरची चेन मीच वर ओढली. हातमोजे चढवता चढवता त्यानं विचारलं, "ब्रेक कसा लागायलाय रे?"

"कडक लागायलाय," मी म्हणालो. "बिनधास्त दाब."

मी भिंतीपाशी उभा राहून बघत होतो. तिसऱ्या चकरीत तो सरळ पट्ट्याच्या टोकाला आला, ब्रेक दाबायला पाठ उचलली, गाडीचं तोंड खाली दबलं – आणि पुन्हा वर आलं. मग ती तशीच सुटली. वाळूत, आणि वाळूतून टायरांच्या भिंतीत.

जीव वाचला. उजव्या खांद्यातल्या नसा तुटल्या आणि हात लुळा पडला, तो कायमचा. त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते तेव्हा मी कुठं होतो? वाळूत लिव्हरचा तुकडा शोधत होतो. सापडला. जिथं मोडला तिथं काठाला मार्करची शाई आत झिरपलेली होती. त्याला घेऊन परत येताना, तो बर्थवर झोपलेला असताना, एका पुलावरून मी तो तुकडा नदीत टाकला.

त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नव्हतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं मला विचारलं, तू बघत होतास ना, काय झालं?

"तू ब्रेक उशिरा मारलास, मिलिंद."

त्यानं मान हलवली. "वाटलंच मला," तो म्हणाला. पडल्यावर लिव्हर मोडतातच, त्यामुळं दुसऱ्याही कुणाला काही खटकलं नाही.

पाच वर्षं झाली. तो डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकला. शाळेत पोरांना स्वतःचंच उदाहरण देतो – वेगाची हाव धरली की असं होतं. मी त्याच्या घरी जातो, जेवतो. गेल्या रविवारी त्याच्या बायकोनं, प्रज्ञानं, माझ्यासमोर चहा ठेवला. लेकीच्या शाळेच्या खर्चावरून दोघांचं काहीतरी झालं असावं. ती म्हणाली, "भाऊजी, गाडी तीच व्हती ना? तुमी नीट चालवली. ह्यांनाच तेवढा लेकराचा इचार आला न्हाई."

मिलिंद खाली बघत म्हणाला, "खरं हाय तिचं."

मी चहा प्यायलो. साखर कमी होती तर मागूनही घेतली.

मिलिंदनं ब्रेक वेळेवर मारला होता.