भजनाच्या कॅसेटवरचा गोंगाट
पेट्रोलचा वास आला की मला इंदिरानगरातली मित्राची स्कूटरची शेड आठवते. नव्वदीच्या शेवटी तिथे आम्ही तिघं बॅण्ड वाजवायचो. ड्रम म्हणजे रंगाचे रिकामे डबे, गिटारला गणेश मंडळाचा खरखरणारा ॲम्प्लिफायर आणि घसा फाटेस्तोवर ओरडणारा मी. सुरांचा पत्ता नसायचा, तरी अंगावर काटा यायचा. रेकॉर्डिंगला कोरी कॅसेट नव्हती, म्हणून वडिलांची उचलली. ती पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवला होता. मी तिथे उरलेल्या भोकावर चिकटपट्टी लावली, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करता येतं, आणि त्यावर आमची गाणी भरली. संध्याकाळी त्यांनी टेप लावला, तर पंचवटीत त्यांनी स्वतः गायलेल्या भजनाऐवजी आमचा गोंगाट सुरू झाला. “हे ओरडतंय कोण?” “मी.” “कशासाठी?” त्यांनी कॅसेट रिवाइंड केली, पुन्हा सगळी ऐकली आणि जेवायला बसले. चिडले होते की आणखी काही, मला कळेना. पुढे ते वारल्यावर ती कॅसेट त्यांच्या कपाटात सापडली. चिकटपट्टी नखाने खरवडून काढलेली होती. आता आमचा गोंगाट पुसता येत नाही.